तळ्यावरून, सकाळचे साडेसहा

पहिला फोन ओबैदचा. अजून उजाडायचं असतं.
वारा आहे का, मॅडम?
त्याला वाटतं, काठावर रोज मीच आधी पोचते
म्हणजे वाऱ्याची किल्ली माझ्याच पर्समध्ये असणार.

मी गाडीची काच खाली करते.
घाफच्या झाडाचा शेंडा हलतोय, फांदी नाही.
सात नॉट, फार तर आठ.
झोप अजून, म्हणते.

मी इथे वाऱ्यासाठी येत नाही.
माझ्याकडे सहा बाटल्या, बर्फाची पेटी
आणि लांब दांडीला बांधलेला एक डबा.
या तळ्याला ओढा नाही, झरा नाही.
अल ऐननं तोंड धुतलं, भांडी विसळली,
नमाजाआधी हातपाय धुतले,
ते सगळं आमच्या प्लांटमधून गाळून, निवळून
वाळूच्या या खोलगटात येऊन बसलं
आणि बसल्या बसल्या तळं झालं.
आधी बगळे आले. मग मासे, कुणी सोडले देव जाणे.
मग हे पतंगवाले.

साडेनऊला हफीतचा डोंगर तापतो.
वारा उठतो, पण सरळ नाही.
कड्याला घासून येताना त्याचे तुकडे पडतात:
एक झोत पंधराचा, मागून बाविसाचा, मध्ये नुसतं भोक.
कसेनिया, ती दातांची डॉक्टर, म्हणते
समुद्रावरचा वारा वाक्य पुरं करतो,
हा अर्ध्यात उठून जातो.
म्हणून नऊ मीटरचा पतंग. बाराचा गाडीतच राहू दे.
उत्तरेच्या काठाला फिरकायचं नाही, तिथे बुडालेली झाडं,
शेंडे पाण्याखाली वीतभर.
आणि पाणी गोडं, खाऱ्याइतकं उचलून धरत नाही,
फळी जरा जड वाटेल.
तोंडात गेलं तर थुंका.
हे शेवटचं माझं नाही, खात्याचं.

मालवणात माझा मामा मतलई म्हणायचा,
पहाटे जमिनीकडून सुटणारी, होड्या बाहेर नेणारी.
इथल्या शमालला मी मनात ते नाव घालून पाहिलं.
दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं झालं.

एकदा कुणीच नव्हतं, तर ओबैद म्हणाला, धरता का?
कडेच्या नळीत हवा टम्म भरलेली.
फडफडत नव्हता,
माशी बसल्यावर म्हशीची कातडी थरथरते, तसा.
पंचवीस मीटरवर तो, कमरेला आकडा,
मी अंगठा वर केला की सोडायचं, म्हणाला.
ढकलायचं नाही. फेकायचं नाही. फक्त सोडा.

लहानपणी गच्चीवर भावाची फिरकी धरून
किती दुपारी उभी राहिले असेन.
ढील देणं माहीत होतं. हे नव्हतं.

सोडला.
तळहातात बराच वेळ काहीतरी ओढत राहिलं.

परवा कागद आला.
पाणी आता पाइपनं खजुरीच्या बागांना जाणार,
रस्त्यामधल्या गवताला, गोल चौकातल्या पिटुनियाला.
बरोबरच आहे.
मीच पास केलंय ते, गढूळपणा दोनच्या खाली, सही माझी.
मोजकाठी गेल्या मार्चपासून चाळीस सेंटिमीटर कोरडी,
काठाला क्षाराची रेघ, जुन्या बादलीला असते तशी.
उन्हाळ्यात उत्तरेची झाडं बाहेर येतील,
आधी शेंडे, मग खांदे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
माझं काम नमुना घेणं.

अकरा वाजता वारा पडतो.
कसेनिया पतंगातली हवा सोडते,
तो लांब उसासा टाकत गुंडाळला जातो.
ओबैद नवा अकराचा घेणार आहे, हप्त्यानं.
पुढच्या हंगामात इथे कसं असेल, मॅडम?

वारा असेल, मी म्हणते,
आणि सहाव्या बाटलीवर तारीख टाकते.